बिल्ल्यांची झुडपं

आमच्या ऑफिसात तिला सगळे भट्टीताई म्हणायचे. हे नाव मीच पाडलं. तिला त्याचा कधी राग आला नाही, उलट फोन उचलला की ती स्वतःच "हो, भट्टीताई बोलतेय" म्हणायची. मी ऑफिसचा ड्रायव्हर. मला सगळे मामा म्हणतात. एवढे भाचे असून एकानंही कधी जीप धुवायला हात लावलेला नाही, पण तो विषय वेगळा.

आमचं ऑफिस म्हणजे हवामानावर आणि वणव्यांवर नजर ठेवणारं केंद्र. लोकांना वाटतं इथं आग विझवतात. तसं काही नाही, इथं फक्त बघतात. गच्चीवर वारा मोजायच्या वाट्या गरगर फिरत असतात, अंगणात पांढऱ्या झडपांच्या पेटीत थर्मामीटर टांगलेले असतात, वरच्या खोलीत एक पोरगी दिवसभर उपग्रहाची चित्रं बघत बसते. आणि खाली, जिन्याजवळच्या खोलीत, भट्टीताई पानं वाळवायची. हो, पानं. एवढं शिकून पानं वाळवायचा पगार मिळतो हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. मग तिच्याबरोबर डोंगर चढायची वेळ आली आणि हसू जिरलं.

काम सांगायला सोपं होतं. डोंगरावर जागोजागी ठरलेली झुडपं होती. प्रत्येक झुडपाला तारेनं एक पत्र्याचा बिल्ला बांधलेला आणि बिल्ल्यावर नंबर ठोकलेला. दर सोमवारी, ऊन वर येऊन दव पुरतं उडालं की त्याच झुडपांची थोडी पानं आणि कोवळ्या काड्या कात्रीनं कापायच्या, डब्यात भरायच्या आणि झाकणावर लगेच चिकटपट्टी लावायची, म्हणजे आतलं पाणी वाटेत उडून जायला नको. ऑफिसात आणून वजन करायचं, भट्टीत वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं पाणी. झुडपात पाणी किती उरलंय यावरून जंगल पेटायला कितपत तयार आहे ते कळतं.

सुरुवातीला एकदा ती म्हणाली, "मामा, आज ओलावा दीडशे टक्के निघाला."

मी म्हटलं, "ताई, शंभरात दीडशे बसायला तुमच्या पानांना काय दोन पोटं आहेत?"

तिनं जीपच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं मांडून दाखवलं. पान पूर्ण सुकल्यावर जे उरतं ते शंभर धरायचं. पाणी त्याच्या दीडपट असेल तर दीडशे. दीडशेचं झुडूप आगीला दाद देत नाही. आकडा साठाच्या खाली आला की झुडूप हिरवं दिसतं, पण आगीच्या हिशेबी ते सरपण. मी म्हटलं, "म्हणजे दिसायला माणूस ठणठणीत आणि आतून पोकळ." ती म्हणाली, "तुम्हाला समजलं मामा. आता बॉनेट पुसा, साहेब ओरडतील." तेव्हापासून मी डोंगराकडे पूर्वीसारखं बघू शकलो नाही. हिरवं दिसलं की मनात आधी येतं, आकडा काय असेल?

तिच्या घरचं म्हणाल तर एक थोरला भाऊ आणि वहिनी. आईवडील लवकर गेले, दादानंच तिला वाढवलं, वेणी घालण्यापासून रोज डोंगर उतरून शाळेत पोहोचवण्यापर्यंत. वेण्या वाकड्या घालायचा, असं ती सांगायची. त्याची वेडीवाकडी वेणी मिरवत ती शाळेभर फिरली, पण कधी सोडली नाही. दादा सुतार होता. डोंगरावर जाणाऱ्या रस्त्याचं शेवटचं घर त्याचं. पुढं वर्कशॉप, त्यात भुशाचा ढीग आणि अर्धवट खुर्च्या, आणि मागं लगेच उतार, उतारावर झुडपं.

हा उतार केंद्राला कसा मिळाला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या बाजूला आमच्याकडं एकही ठिकाण नव्हतं. जागा हवी तर अट अशी की तिथं कुणी फांदी तोडायची नाही, गवत काढायचं नाही, पाणी घालायचं नाही. जंगल जसं असेल तसं राहिलं पाहिजे. मोठे सर, म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, म्हणायचे, "एकदा हात लागला की तो आकडा जंगलाचा राहत नाही, माणसाचा होतो." आता आपलं परस कोण असं सोडून देणार? ज्याला विचारावं तो कपाळाला आठ्या घालायचा. शेवटी भट्टीताईनं दादाला विचारलं. तो म्हणाला, "यात विचारायचं काय? माझ्या बहिणीचं ऑफिस माझ्या परसात येतंय म्हटल्यावर मी काय भाडं मागणार आहे?"

आणि त्यानं ते ऑफिस सांभाळलंही असं की ऑफिसातले आम्ही लाजावं. कुणाची शेळी उतारावर शिरली की हातातला रंधा टाकून धावायचा. जळणाला काड्या तोडायला आलेल्या बायकांना म्हणायचा, "मावशी, ही प्रयोगशाळा आहे. मलाही आत जायची परवानगी नाही." ते खोटं होतं. तो दर वर्षी एकदा आत जायचा, कारण खोडं जाड व्हायची आणि बिल्ल्यांची तार सालीत रुतायची. ती तार तो पक्कडीनं हळूच सैल करून पुन्हा बांधायचा. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही पोहोचलो की वर्कशॉपातून ओरडायचा, "आली का हजामत करायला? जरा जपून हं, मागच्या वेळी सातवीला टक्कल पाडलंस!" सातवी म्हणजे सात नंबरची. त्याला सगळी नंबरानं ठाऊक होती.

अशी बरीच वर्षं गेली. भट्टीताईच्या खोलीत भिंतीवर एक लांबलचक आलेख होता. दर सोमवारी त्यावर एक ठिपका पडायचा. सुरुवातीच्या वर्षांत रेघ उन्हाळ्यात खाली यायची, पावसाळ्यात वर जायची, झोपाळ्यासारखी. पुढं पुढं ती खाली लवकर यायला लागली आणि वर उशिरा जायला लागली. वर जायची तीही पूर्वीएवढी नाही. मी सरांना एकदा विचारलं, "सर, हे हवामान बदलतंय म्हणतात ते हेच का?" सर म्हणाले, "मामा, एका वर्षाचं काही खरं नसतं. पण इतक्या वर्षांची रेघ खोटं बोलत नाही. त्या अख्ख्या डोंगररांगेत अशी न तुटलेली रेघ एवढी एकच आहे." ते अभिमानानं बोलले. मलाही अभिमान वाटला. दादाच्या परसातली रेघ होती ना!

मग केंद्रानं पत्रकं छापली. डोंगरावरच्या घरांनी घराभोवती तीस पावलं जागा मोकळी ठेवावी, झुडपं काढावीत, कोरडा पालापाचोळा साठू देऊ नये. ती पत्रकं वाटत मी घरोघर जीप फिरवली. दादाकडं पोहोचलो तर त्यानं पत्रक नीट वाचलं, घडी केली, मागच्या उताराकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"मामा," तो म्हणाला, "हे मला पण आहे का?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळ्या डोंगराला झुडपं काढा म्हणून सांगणाऱ्या ऑफिसची स्वतःची झुडपं एका घराच्या भिंतीला टेकली होती.

भट्टीताईला हे कळत नव्हतं असं नाही. ती त्याच दिवशी सरांकडं गेली. मी दारात उभा होतो, चहाचे कप न्यायचं निमित्त करून. ती म्हणाली, "सर, दादाच्या मागची जागा कापायला द्या." वाईट माणूस नव्हे तो, हे मी आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं त्याच्या डोक्यावर फोडाल. ते म्हणाले, "खाली शहर आहे ताई. त्यांना धोक्याचा इशारा कधी द्यायचा हे आपण त्या आकड्यावर ठरवतो. तो आज थांबवला तर आपण आंधळे. दुसरी जागा धरू. पण जुनी आणि नवी दोन उन्हाळे शेजारी शेजारी मोजाव्या लागतील, तरच नवीच्या आकड्याचा अर्थ लागेल. दोन उन्हाळे. मग सगळं साफ करा, मी स्वतः येतो कोयता घेऊन."

ती बाहेर आली ती थेट जीपमध्ये बसली. म्हणाली, "मामा, त्यांचं बरोबर आहे." मी म्हटलं, "आणि दादाचं?" ती म्हणाली, "त्याचंही बरोबर आहे. तिथंच तर सगळं अडतंय." दादाला तिनं सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "दोन उन्हाळे ना? तुला दहावी होईस्तोवर दहा वर्षं पोहोचवत होतो. दोन उन्हाळ्यांचं काय घेऊन बसलीस!" वहिनी मात्र हसली नाही. ती आत निघून गेली आणि भांडी आपटल्याचे आवाज आले.

पहिला उन्हाळा निभावला. नवी जागा पलीकडच्या खिंडीत धरली होती, तिथंही बिल्ले लागले, दोन्ही रेघा भिंतीवर शेजारी शेजारी चालायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला असं आता म्हणावं लागतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाऊस वेळेवर आलाच नाही. दर सोमवारी आकडा उतरत होता. नव्वद. ऐंशी. एकदा सत्तर निघाला तेव्हा भट्टीताईनं तराजू चुकला असेल म्हणून पुन्हा वजन केलं. तराजू बरोबर होता. त्या दिवसापासून जीपमधून उतरताना तिची कात्री मीच हातात घेऊन चालायला लागलो. मलाच काहीतरी करावंसं वाटत होतं आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

शेवटच्या सोमवारी आम्ही गेलो तेव्हा उतारावर पाय ठेवला की कुरकुर आवाज यायचा. ऑफिसातले हवामानवाले सांगत होते की दोनेक दिवसांत डोंगरापलीकडून कोरडा जोराचा वारा सुटणार. ताईनं पानं कापली, डबे बंद केले, चिकटपट्टी लावली. मग ती दादाला म्हणाली, "तू आणि वहिनी आजच खाली चला."

"वहिनीला घेऊन जा," दादा म्हणाला. "मी उद्या येतो. शाळेच्या बाकांची ऑर्डर आहे, त्यांना शेवटचा हात मारायचा राहिलाय."

"बाक जळाले तर?"

"बाक जळाले तर पोरांना सुट्टी!" आणि तो एकटाच हसला.

वहिनी आमच्याबरोबर आली. जीपमध्ये बसल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिला तिच्या बहिणीकडं सोडलं आणि ताई ऑफिसात जाऊन डबे भट्टीत लावून बसली. सरांनी त्याच संध्याकाळी खालच्या शहराला इशारा द्यायला लावला. आकडा दुसऱ्या दिवशी येणार होता, पण ते म्हणाले, रेघ कुठं चाललीय ते दिसतंय, मी थांबणार नाही. लोकांनी नाकं मुरडली, पण डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. हेही लक्षात ठेवा. त्या इशाऱ्यामुळं कितीतरी माणसं आज घरात बसून आम्हालाच शिव्या घालतायत. घालू देत.

मंगळवारी दुपारी डोंगराच्या पलीकडं आग लागली. कुणी म्हणतं तार तुटली, कुणी म्हणतं कुणीतरी निखारे टाकले. कशानं लागली याला आता काय अर्थ? वारा ठरल्यापेक्षा आधी आला एवढं खरं.

उपग्रहवाली पोरगी वरून धावत खाली आली. भट्टीताई फोनवर होती, दादाशी. मी शेजारीच उभा होतो आणि त्याचा आवाज मोठा, त्यामुळं दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

"धूर दिसतोय गं, पण लांब आहे," तो म्हणत होता. "मी निघतोच. फक्त मागचं तेवढं साफ करून येतो. आता तरी परवानगी आहे ना ऑफिसची?"

ताई किंचाळली. इतक्या वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "दादा, परवानगी कसली मागतोस! सगळं काप. एक झुडूप ठेवू नकोस. नाहीतर राहू दे, कापूच नकोस, निघ आधी! ऐकतोयस ना? निघ!"

"बरं बरं," तो म्हणाला. "ओरडू नकोस, घसा बसेल." आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला तर लागेना. टॉवर गेला होता.

मी किल्ली घेतलीच होती. आम्ही दोघं जीप घेऊन निघालो. डोंगराच्या पायथ्याला पोलिसांनी रस्ता अडवला होता. मी हातापाया पडलो, आवाज चढवला, ऑफिसचं कार्ड दाखवलं. त्या पोरसवदा शिपायानं कार्ड वाचलं आणि म्हणाला, "काका, वर जाऊ नका हे तुमच्याच ऑफिसनं आम्हाला सांगितलंय." आमचेच दात आणि आमचेच ओठ. त्याच्या मागं धुराची भिंत उभी होती आणि त्या भिंतीत रस्ता शिरून नाहीसा होत होता. ताईनं माझ्या हाताला धरून मला मागं आणलं. मी तिला धीर द्यायला निघालो होतो, तर ही तऱ्हा.

परत ऑफिसात आलो, कारण दुसरीकडं जायला जागाच नव्हती. वरच्या खोलीत गेलो. पडद्यावर डोंगराचा नकाशा आणि त्यावर चौकोन. उपग्रह वरून जाताना जिथं त्याला उष्णता दिसते तिथला चौकोन लाल होतो. खिंडीपासून लाल चौकोनांची रांग लागली होती. ताई खुर्चीवर बसली नाही. पडद्याजवळ जाऊन तिनं बोट ठेवलं.

"दादाचं घर इथं आहे. हा चौकोन अजून पांढरा आहे."

"हो ताई," पोरगी म्हणाली. "पण हे चित्र मघाचं आहे. पुढचा उपग्रह यायला वेळ आहे."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत काही दिसत नाही."

एवढी यंत्रं, एवढे उपग्रह आभाळात फिरतायत, आणि एका सुताराचं घर आहे की नाही हे सांगायला कुणी तयार नाही! मला त्या पोरीचा राग आला. तिचा काय दोष? ती बिचारी नखं कुरतडत बसली होती. सर आले, ताईसाठी खुर्ची ओढून दिली, तिच्यामागं उभे राहिले.

मग नवं चित्र आलं. तो चौकोन लाल होता.

"यात घर कुठं आहे?" ताईनं विचारलं. "घर जळतंय की मागची झुडपं?"

पोरगी रडायलाच लागली. "ताई, एक चौकोन चारेकशे पावलांचा असतो. घर आणि झुडपं त्याच्यात एकच आहेत. आत काय जळतंय ते नाही सांगता येत."

ताई पडद्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघत राहिलो. आणि नेमकी त्याच वेळी खालून भट्टीची घंटी वाजली.

पानं वाळली की ती घंटी वाजते. इतक्या वर्षांत हजारदा ऐकली असेल, पण त्या दिवशी ती वाजल्यावर आम्ही सगळे एकदम जिन्याकडं वळलो. भट्टीत कालचे डबे होते. दादाच्या परसातली पानं. मी म्हटलं, "ताई, राहू द्या. मी बंद करतो." ती उठली. म्हणाली, "जास्त वाळली तर आकडा चुकेल, मामा." जिना उतरून ती खाली गेली, मागोमाग आम्ही तिघंही. तिनं हातमोजे घातले, डबे काढले, एकेक तराजूवर ठेवला. नंबर वाचत होती आणि सर लिहीत होते. शेवटी तिनं हिशेब केला आणि म्हणाली, "एक्कावन्न." एवढा कमी आकडा त्या भिंतीवर कधीच पडला नव्हता. जी झुडपं आत्ता जळत होती त्यांच्यात किती पाणी होतं, ते आम्हाला अगदी अचूक समजलं. एवढंच समजलं. मग ती भट्टीला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि लहान पोरीसारखी दादा दादा म्हणून रडली. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे होतो आणि आमच्यातल्या एकालाही हात कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

दादा दुसऱ्या दिवशी सापडला. घराच्या मागच्या बाजूला, वर उतारावर. धुरानं आधीच शुद्ध गेली असेल, असं ज्यांनी आणला ते म्हणाले. खरं असो. ओळख पटवायला मी गेलो, ताईला जाऊ दिलं नाही. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

नंतर साहेब लोक आले, फोटो काढले, डोंगरावरच्या घरांसाठी नवी योजना जाहीर झाली. बैल गेला आणि झोपा केला. सरांनी महिन्याभरात बदली मागून घेतली. जाताना ते ताईला म्हणाले, "त्या वाऱ्यात तीस पावलं काय, शंभर पावलं साफ असती तरी काही वाचलं नसतं." खरं असेल. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, किंवा स्वतःला. कुणाला विचारणार? तसा वारा पुन्हा लावून तर बघता येत नाही.

रस्ता उघडल्यावर एका सोमवारी ताई जीपजवळ येऊन उभी राहिली. "मामा, चला," म्हणाली. डब्यांची पेटी मी सवयीनं मागं ठेवली होती, तिनं ती पाहिली आणि पुढं जाऊन बसली.

घर म्हणजे चार भिंती उरल्या होत्या. छपराचे पत्रे वाकून आत पडले होते. वर्कशॉपच्या जागी राख, त्यात स्क्रू आणि खिळे, आणि शाळेच्या बाकांचे लोखंडी पाय ओळीनं उभे. मला वाटलं ती घराशी थांबेल. ती थांबली नाही, सरळ मागं गेली. मी तिच्यामागं.

उतार काळा झाला होता. मी नुसता बघत होतो, मला काही वेगळं दिसलं नाही. ती मात्र खाली वाकली. तिच्या पायाशी एक बुंधा होता, जमिनीलगत छाटलेला. वरची बाजू जळलेली, पण कोयत्याचा तिरका घाव स्पष्ट दिसत होता. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्या पुढं आणखी. दादानं झुडपं कापली होती. भिंतीपासून सुरुवात करून तो उतारावर बराच वर गेला होता.

आणि त्या छाटलेल्या बुंध्यांमध्ये, थोड्या थोड्या अंतरावर, काही झुडपं पुरी उभी होती. काळी, पानं नसलेली, पण उभी. ताई त्यातल्या एकाजवळ गेली. खोडाला तार होती आणि तारेला बिल्ला. तिनं अंगठ्यानं काजळी पुसली. सात. ती पुढच्या झुडपाकडं गेली, मग त्याच्या पुढच्या. सगळे बिल्ले जागच्या जागी होते. वारा डोंगर उतरून अंगावर येत होता तेव्हा हा माणूस एकेका खोडाशी वाकून बिल्ला आहे का बघत होता, आणि असला तर ते झुडूप सोडून भोवतालचं कापत होता.

मी कितीतरी वेळ दुसरीकडं बघत होतो. माणसानं एवढा वेडेपणा करावा? मला त्याचा राग आला होता, आणि तो राग कुठं काढावा ते कळत नव्हतं.

ताई शेवटच्या झुडपाजवळ थांबली. त्याच्या पुढं एकही घाव नव्हता, तिथून वर नुसतं जळलेलं रान होतं. दादा तिथपर्यंतच पोहोचला होता.

"मामा," ती म्हणाली, "सरसकट कापत सुटला असता तर लवकर आटपलं असतं. निघालाही असता."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही सांगितलं होतंत त्याला. एकही ठेवू नकोस म्हणून. मी ऐकलंय. मी होतो तिथं."

"हो," ती म्हणाली. "ऑफिसनं हात लावू नको म्हटलं, तर त्यानं इतकी वर्षं लावला नाही. मी एकदाच काप म्हटलं, तेवढंच ऐकलं नाही."

ती परत सातवीपाशी आली आणि तिनं खिशातून पक्कड काढली. सात नंबरच्या खोडाला तार घट्ट बसली होती, ती तिनं हळूच सैल केली आणि पुन्हा बांधली.